उघाडी बुजवू न देणाऱ्या शरयूताई

शरयूताईंची आणि माझी पहिली भेट रोह्याच्या बाजारात झाली आणि पहिल्याच भेटीत त्यांनी मला नापास केले. मी तेव्हा एका इंजिनिअरकडे नकाशे काढायला नुकता लागलो होतो. ताई नगररचना खात्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि रविवारी आम्हा नवशिक्यांना गावातून पायी हिंडवीत. बाजारातल्या एका रस्त्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, हा मध्येच वाकडा का? मी छातीठोकपणे सांगितले, अतिक्रमण. ताईंनी माझ्याकडे असे पाहिले की मला माझी पट्टी कुठे लपवू असे झाले. मग त्यांनी आम्हाला कुंडलिकेच्या काठी नेले. पूर जिथवर चढायचा तिथवर जुन्यांनी घर बांधले नव्हते आणि त्याच रेषेने रस्ता वळला होता. नव्या वसाहती मात्र सरळ आणि सखल. सरळ रस्ता आखायला पट्टी पुरते, वाकडा आखायला पावसाळा पाहावा लागतो, असे त्या म्हणत. लोकांना चोर म्हणण्याआधी जमिनीचा उतार बघायचा, हे मी त्या दिवशी शिकलो.

गौरवसमितीने मला बजावले आहे की लेख सौम्य असावा. हा ताईंच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ आहे, तक्रारअर्ज नव्हे, असेही एका सभासदांनी फोनवर सांगितले. समितीचा मान मोठा आहे. पण ज्यांनी निवृत्तीनंतर एकही सुनावणी गोड बोलून साजरी केली नाही, त्यांच्यावर साखरपेरणी कशी करायची हे समितीने मला शिकवावे. मला ते जमणार नाही.

पेण म्हटले की लोकांना गणपती आठवतात. ताईंना बंदर आठवते. मीठ आणि भात गलबतांतून जात होते तेव्हा पेठ खाडीकडे तोंड करून कशी वाढली, पुढे रस्ता आला, रेल्वे आली आणि त्याच गावाने खाडीकडे पाठ कशी फिरवली, हे त्या इतके रंगवून सांगत की ऐकणाऱ्याला भूक लागल्याचेही कळत नसे. भूक त्यांच्याच लक्षात येई. गडब गावच्या टपरीवर वडापाव खायला घालून त्या पुन्हा चालायला लावीत. जिते स्टेशनात गाडीची वाट पाहतानाही त्यांचे बोट समोरच्या शेताच्या बांधावरून फिरत असे. गाव कोणी एकाने वसवलेले नसते, ते पिढ्यांनी पाण्याशी भांडून, समजूत काढून मिळवलेले असते, हे त्यांचे ठाम मत. नगररचनेच्या पुस्तकांत हे सहसा मागच्या पानांवर असते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गडबच्या खाली, खाडीच्या अंगाला आमचा पाडा आहे. भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध आणि त्या बांधात उघाडी, म्हणजे लाकडी झडप. भरती आली की ती मिटते, ओहोटी लागली की उघडते आणि शिवारातले पावसाचे पाणी खाडीत जाते. बांध फुटला, आमच्याकडे म्हणतात खांड गेली, तर घरटी एका माणसाने बांधावर जायचे. याला जोळ म्हणतात. माझ्या लहानपणी जोळ चुकवणाऱ्याच्या घरी कोणी पानसुपारीलाही जात नसे.

एका श्रावणातल्या उधाणाला खांड गेली आणि आमच्या घरात पाणी आले. मी ताईंचा विद्यार्थी, म्हणून त्या विचारपूस करायला आल्या. चिखलातून बांधावर चढल्या, उघाडीपाशी उभ्या राहिल्या. मग माझ्या आईसमोर बसून त्यांनी सांगितले, की नोकरीच्या सुरुवातीला या भागाचा आराखडा त्यांनीच केला होता. मोजणी उन्हाळ्यात झाली होती. भात कापलेले, जमीन ठणठणीत कोरडी. उघाडीमागचा सखल पट्टा, जिथे पावसाळ्यात ओहोटी लागेपर्यंत पाणी थांबते, तो त्यांनी 'मोकळी जागा' म्हणून रंगवला आणि खाली सही केली. आमच्या धंद्यात ही चूक सगळेच करतात, कारण मोजणी करायला सगळेच उन्हाळ्यात जातात. आता त्याच नकाशाच्या आधाराने पट्ट्यात भराव घालून, उघाडी बुजवून वरून रस्ता जाणार होता. ताईंचे डोळे भरून आले.

आईने सगळे ऐकून घेतले. "चूक केलीस तर निस्तर. रडतेस कनाला गो? आधी जेव," ती म्हणाली आणि वालाचं बिरडं वाढले.

ताई जेवल्या आणि निस्तरायला लागल्या. सोपे नव्हते. आमच्याच पाड्यातली कंपनीत शिफ्टला जाणारी पोरे चिडली, कारण रस्ता त्यांनाही हवा होता. ताई त्यांच्या ओटीवर जाऊन बसल्या आणि रस्ता दुसऱ्या अंगाने कसा नेता येईल ते काढून दाखवले. मग पेणला रस्त्यावरच्या हरकतींची सुनावणी झाली. खात्याच्या साहेबांनी जुना नकाशा उलगडला आणि सगळ्या सभेसमोर हसत विचारले, मॅडम, ही सही कोणाची? मला वाटले, संपले.

ताई उभ्या राहिल्या. "सही माझी आहे, चूकही माझी आहे. तुम्ही तिच्यावर भराव घालू नये, म्हणून मी आले आहे."

माझ्या माहितीत खात्यातल्या कोणी भर सभेत आपली सही अशी खोडलेली नाही. सभेत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी नकाशाची घडी घातली आणि काम थांबले.

थांबले, संपले नाही. या वर्षी तोच पट्टा नव्या आराखड्यात नव्या रंगाने आला आहे. रंग बदलला की पाणी फसते, असे कोणाला वाटत असेल तर वाटो. आम्ही फसणार नाही.

समितीने सत्कारासाठी जो हॉल ठरवला होता, तो एका बुजवलेल्या तळ्यावर उभा आहे. तिथे मी शाल घेणार नाही, असे ताईंनी कळवले आहे. सत्कार आमच्या उघाडीवर होईल, अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी. पाहुण्यांनी चांगल्या चपला घालून येऊ नये.

ताईंनी शंभरी गाठावी, गुडघे ठणठणीत राहावेत, आवाज असाच करडा राहावा. विश्रांती लाभो, असे मात्र मी म्हणणार नाही, ती आम्हालाच परवडणार नाही. भेट काय आणू, असे मी परवा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "हरकतीचा अर्ज घेऊन ये. पहिली सही मी करणार. या वेळी उधाण बघून."