मूर्तीच्या टेबलाखालच्या बॅटऱ्या

"तुझ्या घरात बाँब आहे, युजीन, आणि तू त्याच्यावर फुलं वाहतोस," असं हरेश्वर म्हणाला तेव्हा अँजेलिना मागच्या पडवीत बोंबील साफ करत होती. भिंतीला कान असतात की नाही देव जाणे, पण त्या कुडाला तरी अँजेलिनाचे होते.

हरेश्वरचं वसईत बॅटऱ्यांचं दुकान. तिचा नवरा युजीन बावीस वर्षं गॅरेजात वायरमन. दोघे शाळेपासूनचे सोबती, त्यामुळे भांडताना कुणी मोजूनमापून बोलत नव्हतं.

"मी मोटारींचे डायनॅमो जुळवलेत. मला शिकवतोस?"

"मोटारीत करंट आवरायला रेग्युलेटर असतो. तुझ्या वाऱ्यावरच्या पंख्याला कुठला? बॅटरी भरल्यावरही करंट ढकलत राहिलास तर ती उकळणार, गॅस सोडणार. तो दिसत नाही, पण ठिणगी मिळाली की पेटतो. म्हणून बॅटऱ्या उघड्या हवेत ठेव. आणि भरल्या म्हणून नुसती वायर काढू नकोस, पंखा मोकाट सुटेल. करंटला दुसरं काम दे."

"चहा घेणार की जाणार?"

हरेश्वर चहा न घेताच गेला.

हे त्र्याऐंशी सालचं. उमेळे गावात तेव्हा दिवे लागायच्या वेळेलाच वीज जायची. युजीनने ट्रकचा डायनॅमो आणला, फणसाच्या फळीची पाती तासली आणि लोखंडी पाइपावर पंखा चढवला. मिठागरांवरून वारा आला की तो फिरायचा आणि चार जुन्या बॅटऱ्या भरायच्या. या बॅटऱ्या ठेवल्या कुठे, तर पुढच्या खोलीत, मारियामातेच्या मूर्तीच्या टेबलाखाली. अँजेलिनाने विणलेला पडदा जमिनीपर्यंत, त्याच्या आड.

"बाहेर ठेवा ना, अहो."

"ओट्यावर कोंबड्या. विहिरीवर उंदीर. या टेबलाला मात्र घरात कुणी हात लावत नाही."

ते खरं होतं, आणि नेमकी तीच पंचाईत होती.

एका शनिवारी बॅटऱ्या भरल्या म्हणून युजीनने वायर काढून ठेवली. ओझं उतरलं तसा पंखा वेसण तुटलेल्या बैलासारखा उधळला आणि एक पातं तुटून शेजारच्या पॉलिनच्या केळीत रुतलं. पॉलिन कुंपणापाशी आली. "अँजेलिनाबाय, नवऱ्याला सांग, घड कापायला आमच्याकडे कोयता आहे."

युजीनने नवं पातं बसवलं आणि वायर पुन्हा काढायची नाही अशी शपथ घेतली. पाळलीही. मग टेबलाखाली बुडबुड सुरू झाली.

"अहो, तिथे डाळ शिजतेय."

"कामाला लागल्यात त्या."

"हरेश्वरभाऊ म्हणाले होते..."

"हरेश्वर दुकानदार. त्याला भीती विकायचीय."

अँजेलिनाने कपाळावर हात मारला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, त्यातली वीस तो हात कपाळावरच होता. आता तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला. मे महिन्यात गावची माणसं रोज एका घरी जमून माळेची प्रार्थना म्हणत. त्यांची पाळी एकवीस तारखेला होती. पंचवीस-तीस माणसं, लहान पोरं पुढे बसलेली, आणि मेणबत्त्या बरोबर त्या बॅटऱ्यांच्या डोक्यावर. तोपर्यंत त्या घराबाहेर गेल्या पाहिजेत. ती रोज सांगायची. तो रोज "बघू" म्हणायचा.

एकवीस तारीख आली. दुपारपासून वारा सुटला होता. मेणबत्त्या विझतील म्हणून युजीनने खिडक्या लावून घेतल्या. सांजेला माणसं जमली. पॉलिनने काडेपेटी हातात घेतली. पडद्याची चुणी नीट करायला अँजेलिना खाली वाकली, तर डोळ्यांत आंबट झोंबलं. पडद्याच्या काठाला ॲसिडने भोकं पडली होती. सगळं विणकाम जळाल्यासारखं पिवळं.

तिने पॉलिनच्या हातातली काडेपेटी घेतली आणि कमरेला खोचली.

"आज प्रार्थना अंगणात."

युजीन जवळ येऊन पुटपुटला, "अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणायला उरले तर पाहिजेत."

तिने खिडक्या सताड उघडल्या, मूर्ती काखेत घेतली आणि सरळ बाहेर निघाली. तिच्या मागून सगळे. अंगणात एकही मेणबत्ती टिकली नाही. अंधारातच माळ पुरी झाली. युजीन शेवटी उभा होता, त्याचं अर्धं लक्ष गरगरणाऱ्या पंख्याकडे. माणसं पांगल्यावर तो टॉर्च घेऊन आत गेला आणि पडदा वर केला. भोकांत बोट घालून बघितलं.

सकाळी सायकल काढली, ती थेट वसईच्या दुकानापाशी थांबवली.

"बाँब फुटला का?" हरेश्वरने विचारलं.

"बस मागे. जागा दाखव."

विहिरीजवळ जाळीच्या भिंतींची खोपटी उभी राहिली, वरून हवा जायला मोकळी. उंदरांसाठी वायरी नळीत घातल्या. पाण्याच्या टाकीत जाड तारेचं वेटोळं सोडलं. बॅटऱ्या भरल्यावर स्विचचा दांडा ओढला की करंट आधी तारेला लागायचा, मगच बॅटऱ्या सुटायच्या. पंख्याला ओझं कायम, आणि अँजेलिनाला वाऱ्यावर तापलेलं अंघोळीचं पाणी. चूक झाली असं युजीन कधी म्हणाला नाही. म्हणे, "हे माझ्या डोक्यात होतंच." तिने नवा पडदा विणला, आणि तो विणताना मनात जे म्हणाली ते प्रार्थनेत बसणारं नव्हतं.

पुढची पाच वर्षं चर्चची सांजेची घंटा झाली की युजीन विहिरीकडे निघायचा. त्याच्या शेवटच्या सांजेलाही निघाला. सकाळपासून छातीत भरून आलं होतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं. पेटती विडी लांब कठड्यावर ठेवली. टॉर्चच्या उजेडात एकेक बूच काढलं, काचेच्या नळीतला गोळा किती वर तरंगतो यावरून बॅटरी किती भरली ते बघितलं, बाटलीतलं शुद्ध पाणी हवं तेवढंच घातलं, बुचं लावली. दांडा ओढला. सोड्याच्या पाण्याने हात धुतले आणि ओट्यावर येऊन खुर्चीत टेकला.

"अँजे, पाणी तापायला लावलंय."

"माहीत आहे," ती आतून म्हणाली. "रोज लावता, रोज सांगता."