निरमाचा दगड

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत माझा थोरला भाऊ होडीसकट बुडाला आणि बाबांनी समुद्राकडे पाठ फिरवली. मग आमच्या थळच्या किनाऱ्यावर त्यांना पांढऱ्या गारगोटीचा एक दगड सापडला. त्यात पिवळी रेघ होती. अलिबागच्या सोनाराने ती कसोटीवर घासली आणि सोनं खरं असल्याचं सांगितलं. झालं! बाबा पहार घेऊन मागची टेकडी फोडायला लागले.

मी मुंबईत भूगर्भशास्त्र शिकत होतो. सुट्टीत घरी आलो तर दुसरी होडी वाळूत तशीच पडलेली आणि चूल एक वेळच पेटत होती.

"तू दगडांचंच शिकतोस ना? मग सांग त्यांना," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "सोनं न्हाय म्हन. होडीवर जा म्हन."

मी तणतणतच टेकडीवर गेलो. "बाबा, हा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. यात कुठलं सोनं? ते दक्षिणेतल्या फार जुन्या खडकांत. ते खडक जमिनीच्या पोटात दाबले गेले, भाजले गेले, त्यांचं रूपच पालटलं. खोलातलं कढत पाणी सोनं घेऊन त्यांच्या भेगांत शिरलं आणि निवताना गारगोटीबरोबर तिथंच ठेवून गेलं."

"मंग ह्यो इथं कसा आला?"

"निरमातून!" मी ओरडलोच. कारवारकडून सुकी मासळी भरायला येणारी रिकामी गलबतं कलंडू नयेत म्हणून तळाशी तिकडचेच दगड भरत. तेच निरम. मासळी भरताना ते दगड काठावर फेकून देत. बाबांनी तरुणपणी स्वतः ते उपसले होते. मला वाटलं, जिंकलो.

बाबांनी पहार खाली ठेवली. "म्हायत हाय मना. त्या ढिगातनंच उचलला मी."

मला भलताच राग आला. "मग खणता कशाला?"

"सोनं न्हाय म्हनलं का होडीवर जावा लागंल. त्या पान्यात जाळं कसं टाकू रं? तुजा भाऊ अजून गावला न्हाय. माज्याच जाळ्यात आला तं?"

मी खाली आलो. आई दारातच उभी होती.

"असेल सोनं," मी म्हणालो. "खणू दे त्यांना."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग सुकटीची टोपली डोक्यावर घेऊन ती एकटीच बाजाराला निघाली.