यांना मराठी कळतं का?

"काढा," डॉक्टर म्हणाले.

काय काढा, ते सांगितलं नाही. मी उभीच राहिले. पुण्याचा मोठा दवाखाना. खोलीत मी, माझा नवरा, डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकाऊ पोरापोरींचा घोळका. सहा जण होते. मी मोजले, कारण दुसरीकडे कुठं बघावं ते कळेना. दार सताड उघडं. बाहेर बाकड्यावर माणसांची रांग.

"ब्लाउज काढा. वेळ नाही."

काढला. नवऱ्यानं मान खाली घातली. डॉक्टरांनी उजव्या बाजूची गाठ दोन बोटांत धरली आणि पोरांना इंग्रजीत काहीबाही सांगायला लागले. मग म्हणाले, एकेकानं दाबून बघा. एकेकानं दाबलं. सगळ्यांचे हात गार. 'बाई, हात लावू का?' असं एकानंही विचारलं नाही.

मी म्हशी सांभाळणारी बाई आहे. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरावर आमची धनगरांची वस्ती. दोन्ही वेळची धार मीच काढते. म्हशीच्या कासेलासुद्धा मी असा हात लावत नाही. आधी पाठीवर थाप मारते, नाव घेऊन बोलते, कोमट पाण्यानं कास धुते, मग आचळ धरते. मी जनावराला जेवढं विचारते तेवढंही त्या खोलीत मला कुणी विचारलं नाही.

"कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. मला नाही. नवऱ्याला.

"दिवाळीच्या आदीपास्नं, साहेब."

डॉक्टर पोरांकडे वळले. "बघा. ही डोंगरातली माणसं. म्हैस आजारी पडली तर डॉक्टर घरी घेऊन जातील. बायकोची गाठ आठ महिने तशीच." दोघं-तिघं हसली. मग माझ्याकडे बोट दाखवून ते नवऱ्याला म्हणाले, "यांना मराठी कळतं का?"

मराठीतच विचारलं.

"व्हय, कळतं साहेब."

"मग समजावून सांगा. कॅन्सर आहे. पूर्ण काढून टाकावं लागेल. तसंही या वयात आता काय उपयोग त्याचा? तपासण्या करा, पंधरा दिवसांनी या आणि सही करून टाका."

मला कॅन्सर आहे हे मला असं कळलं. उघड्या अंगानं, उघड्या दारात, दुसऱ्याला सांगितलेलं ऐकून.

आठ महिने का थांबले, हे त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. म्हशीची कास तापली, लाल झाली, हात लावू देईना, लाथ मारायला लागली, की आम्ही धावत सुटतो. तेच जिवावर बेततं. पण कासेत गार, टणक गाठ असली आणि जनावर शांत उभं राहत असलं, तर ते एक आचळ आटतं, म्हैस जगते. तीस वर्षं मी हेच बघत आले. माझी गाठ माझ्याच हाताला लागली तेव्हा ती गार होती. दुखत नव्हती. मी म्हटलं, काही नाही. हळदीचा लेप लावला आणि कामाला लागले. चुकले. माझ्या स्वतःच्या विद्येनं मला फसवलं. ती चूक माझी आहे, मी ती नाकारत नाही. पण सहा पोरांपुढं तिचं हसं करायचा हक्क त्या माणसाला कुणी दिला?

परतीच्या एसटीत नसरापूर आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "तुमी का गप बसला?"

"मोटा मानूस हाय. राग आला आन हात लावायचा न्हाई म्हनला, तर कुठं जायचं?"

मला त्याचाही राग आला. पण त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना.

घरी आल्यावर पहिली काळजी अशी की ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात पोचायचं कसं. आमच्या वस्तीवर गाडी येत नाही. खालच्या गावात एका बंगल्यावर मी अठरा वर्षं दूध घालते. त्यांच्या दारात जीप उभी असते. मी तिथल्या वहिनींना आजार सांगितला आणि म्हटलं, "ऑपरेशनच्या दिशी तेवडं हमरस्त्यापतुर सोडा." वहिनी दोन पावलं मागं सरल्या. किटली मी ओट्यावर ठेवली होती, तिच्याकडे बघत म्हणाल्या, "गाडीचं यांना विचारावं लागेल गं. आणि उद्यापासून दूध नको आणूस. घरात लहान लेकरं आहेत. राग मानू नकोस."

तो आजार दुधातून जात नाही, हातातून जात नाही. मला ते तेव्हा नीट माहीत नव्हतं, म्हणून मी तिथं भांडलेसुद्धा नाही. किटली उचलून वर चढून आले. अठरा वर्षं माझ्या हातचं दूध पिऊन ज्यांची पोरं वाढली, त्यांना एका वाक्यात मी घाण झाले. वर आणि राग मानायचा नाही! मानला. अजून मानते.

तपासणीसाठी पुन्हा पुण्याला गेले तेव्हा बाकड्यावर शेजारी एक बाई बसली होती. उत्रोलीच्या सुमनताई, भातशेती करणाऱ्या. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या. मी तोंड झाकून रडत होते. त्यांनी काही विचारलं नाही, हाताला धरून बायकांच्या बाथरूममध्ये नेलं, कडी लावली आणि स्वतःचा ब्लाउज वर केला.

"बघ. हितं व्हतं. आता न्हाई. म्या हाय."

डाव्या बाजूला सपाट छाती आणि काखेपर्यंत गेलेला व्रण. मी बघत राहिले. त्यांनी माझा हात धरून त्या व्रणावर ठेवला. भिंतीवर बोटं चालवत हात कसा वर न्यायचा ते करून दाखवलं. "भात लावती, खुरपं धरती. फकस्त ह्या हातानं जड उचलत न्हाई. आन आईक, त्यो डाक्टर नवऱ्याशी बोलंल. तू मधी बोल. इचारायचं ते कागदावर लिवून ने. सही तुजी लागती, नवऱ्याची न्हाई."

सही माझी लागते, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी चौथी शिकलेली आहे. सही येते मला.

मग तयारीला लागले. माझा उजवा हात बरेच दिवस चालणार नव्हता आणि आमच्या म्हशी माझ्याशिवाय कुणाला धार देत नाहीत. यावर आमच्याकडे एकच उपाय असतो. म्हशीला माझा वास यावा म्हणून नवऱ्यानं माझी नेसती, न धुतलेली साडी अंगावर घेतली, डोक्यावरून पदर ओढला आणि माझ्यासारखं च्यक च्यक करत म्हशीखाली बसला. पहिल्या तीन दिवसांत दोन लाथा खाल्ल्या. वस्तीवरची माणसं पोट धरून हसली. चौथ्या दिवशी म्हशीनं पान्हा सोडला.

"हसू दे त्यांला," साडीच्या पदरानं घाम पुसत तो म्हणाला. "धार निगाली न्हवं?"

त्या दिवशी त्याच्यावरचा माझा राग निवला. तेवढाच निवला, बाकीचा तसाच होता.

पंधरा दिवसांनी तीच खोली. तोच घोळका. दार उघडं.

"काढा."

मी पदर घट्ट धरला.

"आदी दार लावा," मी म्हणाले. "आन ह्यांच्यातल्या ज्याला तपासायचं आसंल त्यानं मला इचारावं. म्या व्हय म्हनलं तरच."

डॉक्टर खुर्चीतून पुढं झुकले. "बाई, इथं असले नखरे चालत नाहीत. जमत नसेल तर दुसरीकडे जा."

दुसरीकडे कुठं? गाठ वाढत होती, तेवढे दिवस माझ्याकडे नव्हते. वाटलं, काढावा ब्लाउज आणि मिटवावं. तेवढ्यात मागून नवऱ्याचा आवाज आला. "दार म्या लावतो." आणि त्यानं खरंच जाऊन दार लावलं.

घोळक्यातली एक मुलगी पुढं आली. "मावशी, मी तपासू का?"

"तुमी तपासा. बाकीचे भायेर."

पोरं डॉक्टरांकडे बघायला लागली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी मान हलवली, पोरं गेली. मी माझा कागद काढला. काय कापणार? काखेतल्या गाठी काढणार का? हात कधी उचलेल? पुढं औषध किती दिवस? डॉक्टर उत्तरं द्यायला लागले, पुन्हा नवऱ्याकडे बघून.

"हिकडं बगून सांगा. गाठ मला हाय."

बघितलं. चिडून का होईना, माझ्याकडे बघून सगळं सांगितलं. मग संमतीचा कागद नवऱ्यापुढं सरकवला. मी तो ओढून घेतला, त्या मुलीकडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतला आणि खाली माझं नाव लिहिलं. माझी अक्षरं मोठी आणि सावकाश येतात. डॉक्टर घड्याळ बघत होते. मी घाई केली नाही.

मंगळवारी ऑपरेशन आहे. हाच माणूस कापणार आहे. त्याचा हात चांगला आहे असं सगळे सांगतात, आणि मला जगायचंय, म्हणून तो हात मला हवा आहे. त्यानं माफी मागितलेली नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. उठताना मी त्याला एक गोष्ट सांगून ठेवली, "कापल्यावर ते मला बगायचंय." कशाला, म्हणाला. माझं आहे म्हणून. तीन लेकरं त्यावर वाढली. ते कुठल्या बादलीत टाकायचं ते नंतर ठरवा. शुद्धीवर आले की आधी मी ते बघणार. दाखवेपर्यंत त्या खाटेवरून उतरणार नाही.