मुसांड्याची हिवाळी रजा

गुरुदत्त सबनीस यांनी सरकारी नोकरीत एकही रजा वाया जाऊ दिली नाही. पण दारातल्या मुसांड्याने हिवाळ्यात पानं गाळली की त्यांचा पारा चढायचा. झाड लावलं, वाढवलं त्यांच्या पत्नी अरुंधतीबाईंनी. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत ते गुलाबी घोसांनी वाकायचं, तेव्हा नवीन पनवेलच्या त्या सोसायटीत येणाऱ्याजाणाऱ्याला "माझा मुसांडा" दाखवायला साहेब पुढे असायचे.

यंदा सोसायटीने सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर, बागेचं बक्षीस ठेवलं. साहेब सोसायटीचे सेक्रेटरी, आणि त्यांच्याच दारात नुसत्या काड्या. केवढी ती नामुष्की!

"मेलंय ते. उपटून फरशी बसवतो."

"मेलं नाहीये. आता छाटायचं, म्हणजे होळीपर्यंत फुटेल," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"छाटून आणखी भुंडं करायचं? बक्षीस मिळालं तर राहील, नाहीतर जाईल."

बाईंनी नखाने साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवला. साहेबांनी मान फिरवली आणि बाजार गाठला. गणपतीच्या मखराला लावतात तसले प्लास्टिकचे गुलाबी घोस त्यांनी पिशवीभर आणले आणि तारेने काडीकाडीला आवळले. बाईंना त्या माणसाची कीव आली, आणि कीवेपेक्षा किळस जास्त. तरी त्यांनी ते घोस राहू दिले. झाड वाचत होतं ना.

परीक्षकांनी फाटकाबाहेरूनच पाहिलं आणि बक्षीस सबनिसांना दिलं. टाळ्या झाल्या. मग वरच्या मजल्यावरची हेतल लाडात येऊन म्हणाली, "काका, किती मस्त फुललाय! एक फांदी द्या ना, मला पण लावायचाय."

साहेब फाटकाकडे धावले, पण उशीर झाला होता. सगळी सोसायटी फाटकातून आत आली.

अरुंधतीबाईंनी घरातून कात्री आणली आणि शांतपणे फांद्या छाटायला सुरुवात केली. पहिली फांदी घोसासकट हेतलच्या हातात दिली.

"घोस काढून लाव हो. ते काकांनी बांधलेत. थंडीत याला ना पान, ना फूल. घ्या, सगळ्यांनी घ्या."

लोक हसू दाबत एकेक काडी घेऊन गेले. झाड गुडघ्याएवढं उरलं.

आता जिन्यात, लिफ्टमध्ये, दूधवाल्याच्या रांगेत कोणीतरी विचारतंच, "काका, आमचा फुटला. तुमचा?" साहेब कसनुसं हसून "फुटेल, फुटेल" म्हणतात. उपटायची सोय त्यांना उरलेली नाही.