कुणीच हरवलं नाही

फुलंब्रीच्या बसमध्ये शेजारच्या मुलीच्या पायात फुटबॉलचे मळलेले बूट होते. मी विचारलं, "जिंकलात का?"

"सगळ्या मॅच जिंकलो. पण पुढं जाणार नाय."

कॉलेजांचे गट वेगवेगळे होते, एका गटाची दुसऱ्याशी मॅच झालीच नव्हती, त्यामुळं पुढच्या स्पर्धेचे संघ समितीनं आपसात मतं घेऊन ठरवले. हिच्या गटातले संघ कच्चे आहेत, असं समितीला वाटलं.

"आमची एक बी मॅच बघाया कुणी आलं नव्हतं," ती बुटाची नाडी सोडत, पुन्हा बांधत म्हणाली.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. "नाय गं, कुणीच हरवलं नाय," ती पुन्हा पुन्हा समजावत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "हरलो असतो तर सांगायला सोपं गेलं असतं."

हरलेल्याची समजूत मला घालता येते. तिला काय म्हणावं, ते फुलंब्री आली तरी सुचलं नाही.