विळी हातात देत नाहीत

माझे सासरे गोपीनाथ विळ्या करतात. कोलशेतला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे गेली पंचेचाळीस वर्षं ते एकाच मापाची विळी करत आलेत. सागाचा पाट, पोलादी पातं आणि टोकाला नारळ खवायचं चक्र. माप त्यांच्या वडिलांचं. आजूबाजूला तीस-तीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले, त्यातले दोन तर आमच्याच जमिनीवर, पण विळीची उंची काही वाढली नाही.

ती वाढावी असं एका माणसाला फार वाटत होतं. माझ्या सासूबाई, तुळसा. दहा वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. खाली बसता येईना, बसल्या तर उठता येईना. तेव्हापासून त्या बाबांना सांगत होत्या, "अवं, पाटाला चार पाय लावा. मना बसाला येल."

बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "विळी जमिनीवर असते. वर चढवली त ती विळी नाय, खुर्ची."

झालं. तेव्हापासून विळीवाल्याच्या घरात खोबरं मिक्सरमध्ये फिरतं. ही गोष्ट बाहेर सांगायची नाही असा बाबांचा दंडक आहे. मी सांगतेय, कारण माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

विळ्यांचा खप कमी होत गेला, तशी माझ्या नवऱ्याची, दिपेशची, नजर शेडवर गेली. त्याला तिथे जिम काढायची होती. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "बाबा, सरकार छोट्या धंद्यांना एक्स्पोर्टसाठी मदत करतंय, पेपरात रोज येतं. आना ना एक फॉरेनची ऑर्डर! दिवाळीपर्यंत आली तर शेडला हात लावनार नाय. नाय आली तर जिम."

तो टोमणा होता. बाबांनी त्याची अट करून टाकली. ताटातच हात धुतला आणि मला म्हणाले, "कल्पिता, उद्या कागद काढ."

माझं माहेर डोंबिवलीचं, शिक्षण बी.कॉम., त्यामुळे या घरात कागद म्हटलं की मी. कल्याणला सरकारी निर्यात कार्यशाळा होती, तीन दिवस, फुकट, दुपारी जेवण. बाबा पहिल्या रांगेत बसले. बाकीचे शंभर जण सवलती किती, सबसिडी कधी, असं विचारत होते. बाबांनी तीन दिवसांत एकच प्रश्न विचारला. "तिकडं लोक खाली बसतात का?"

आम्हाला मार्गदर्शक म्हणून मिळालेले सुश्रुत साहेब जेमतेम तिशीचे, इस्त्री केलेल्या शर्टातले आणि मनापासून मदत करणारे. त्यांनी पैसे न घेता आमची नोंदणी केली, निर्यातीचा नंबर काढून दिला. अडलं ते मालाच्या वर्गवारीत. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक आकडा असतो, म्हणे. तो शोधताना त्यांनी विचारलं, "हातात धरून वापरायची की मशीन आहे?"

"पायाखाली धरायची," बाबा म्हणाले.

साहेबांनी स्क्रीनवरची यादी वर-खाली सरकवून पाहिली. पायासाठी रकाना नव्हता. शेवटी वरिष्ठांना विचारून त्यांनी विळी सुऱ्यांच्या घरात बसवली. बाबांना ते आवडलं नाही, पण सही केली.

मग माहितीपत्रक. वापरायची रीत फोटोसकट हवी होती. फोटोसाठी सासूबाई तयार झाल्या त्या पाटल्या, ठुशी, नथ, सगळं घालून. आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि शेजारच्या केशरबाईंनी, त्यांना धरून विळीवर बसवलं. फोटोत त्या इतक्या छान हसल्या आहेत की त्यांना उठवायला आम्हाला दहा मिनिटं लागली हे कुणाला खरं वाटणार नाही. बाबा तेव्हा पातं पुसत होते. बघितलं त्यांनीही, आणि पुन्हा पातं पुसायला लागले.

दसऱ्यानंतर ठाण्यातल्या एका हॉटेलात परदेशी खरेदीदारांची भेट ठरली. स्टॉलचं भाडं सरकारने भरलं. सुश्रुत साहेबांनी आम्हाला चारदा बजावलं, "काका, वस्तू बायरच्या हातात द्या. हातात गेली की अर्धं काम झालं."

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. शेजारच्या भिवंडीच्या टॉवेलवाल्याला तीन ऑर्डरी मिळाल्या. रात्री दिपेशने जिमच्या आरशांचे फोटो मला पाठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुहुराबाई आल्या. केनियातल्या मोंबासाला त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान. साठीच्या, भारदस्त, पायघोळ झगा. विळी दिसताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

बाबांनी विळी उचलली, आडवी केली आणि त्यांच्या पायाशी गालिच्यावर ठेवली.

सुश्रुत साहेबांचा चेहरा पडला. "काका, हातात!"

"विळी हातात देत नाय," बाबा म्हणाले. "भांडण होतं. धंद्याच्या पयल्याच भेटीत भांडण कशाला?"

मी इंग्रजीतून जमेल तसं समजावलं. बाई खो-खो हसल्या, वाकल्या, विळी सरळ केली आणि झगा सावरून गालिच्यावर फतकल मारून तिच्यावर बसल्या. म्हणाल्या, आमच्याकडेही असतं हे, आम्ही याला बकरी म्हणतो.

"बकरी?" बाबांना राग आला. "सांग तिला, विळी हाय ही."

बाईंनी नारळ मागितला. स्टॉलच्या पूजेला फोडलेला होता, तोच दिला. त्यांनी अर्धी वाटी अशी झरझर खवली की टॉवेलवालाही बघायला आला. बाबा पुटपुटले, "हात चांगला हाय बाईचा." त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

मग बाई उठायला गेल्या आणि उठता येईना. एक हात टेबलाला, एक सुश्रुत साहेबांच्या खांद्याला, अशा त्या कशाबशा उभ्या राहिल्या. धापा टाकत म्हणाल्या, पातं उत्तम आहे, आमच्याकडे असं मिळत नाही. पण आमची बकरी स्टुलासारखी उंच असते. गुडघे सगळ्या बायकांचेच दुखतात. हेच पातं उंच पाटावर बसवून द्या, दोनशे नग घेते.

मी भाषांतर केलं आणि "खुर्ची" हा शब्द ऐकायची तयारी ठेवली.

बाबांनी विळीच्या पाटाला वीत लावली. मग म्हणाले, "किती इंच?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ऑर्डर मिळाली, शेड वाचली, सुश्रुत साहेब टाळ्या वाजवत होते आणि मी सासऱ्यांशी घरी जाईपर्यंत एक शब्द बोलले नाही.

चार दिवसांत नमुना तयार झाला. बुटके, भक्कम पाय, वर सागाची बैठक, पुढे तेच पातं. शुक्रवारी तो मोंबासाला जायचा होता. गुरुवारी सकाळी बाबा तो घेऊन स्वयंपाकघरात आले. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. बाबांनी नमुना त्यांच्या पायाशी ठेवला. "जरा बसून बघ."

सासूबाईंनी मान वळवून पाहिलं. "मोंबासाची बाई बोलली नि चार दिसान झाली. मी धा वरसां बोलतंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कांदा चिरत राहिले.

"तू ऑर्डर दिली नव्हतीस," ते म्हणाले.

"मग आता देतंय. एक नग. आजच पायजे."

"हे सॅम्पल हाय. उद्या जायचं हाय."

"त्यांना दुसरा करा."

बाबांनी नमुन्याच्या बैठकीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "बरं. घे, उचल."

"मना वाकता येतं का? हातान द्या."

"हातान दिली त भांडण होतं."

"चालीस वरसां जमिनीवर ठेवलीत," सासूबाई म्हणाल्या. "भांडण कवा चुकलं?"

बाबा वाकले, दोन्ही हातांनी ती उंच विळी उचलली आणि सासूबाईंच्या हातात दिली. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. कांदा मी चिरत होते, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. सासूबाई बसल्या, कुणालाही न धरता, आणि नारळ मागितला.

दुपारी मी सुश्रुत साहेबांना फोन करून सांगितलं, नमुना चार दिवस उशिरा निघेल.

"फाइलमध्ये कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "लिहा, आधीची एक ऑर्डर होती. दहा वर्षं पेंडिंग."