आधी माझी जाऊ दे

सुरतजवळच्या उधन्यातल्या आम्हा छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट एक खानदेशी मुलगा सांभाळतो. माझी साड्यांच्या लेसची आहे. व्यापाऱ्यांना तो गुजरातीत 'थई जशे' म्हणतो, मला 'होऊन जाईल, ताई' म्हणतो, आणि मधेच आईचा फोन आला की आवाज खाली घेऊन अहिराणीत सांगतो, 'हा माय, जेवनू.' बहुतेक वेळा जेवलेला नसतो.

गेल्या महिन्यात सगळ्या साइट नव्या सर्व्हरवर हलवायच्या होत्या. आमच्या साइटला हात लावण्याआधी तो नेहमीसारखा म्हणाला, 'आधी माझी जाऊ दे.'

त्याच्या साइटवर आईची अहिराणी गाणी आहेत. ती म्हणते, हा टाइप करतो. साइट नव्या जागी गेली आणि सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. मी घाबरले. तो म्हणाला, 'बरं झालं, इथंच कळलं.' मग कुठं चुकलं ते शोधून त्यानं आमच्या साइट नीट हलवल्या. प्रत्येकाला स्वतःच्या फोनवर उघडायला लावलं आणि 'दिसतंय' असं तोंडानं म्हणवून घेतलं.

'आणि तुझी?' मी विचारलं.

'गाणी जुन्या सर्व्हरवर आहेत ना, तो कुठं बंद केलाय अजून. तुमचं गिऱ्हाईक थांबत नाही, ताई. माय थांबते.'

मला रागच आला. आज सकाळी त्याची साइट पुन्हा उघडून पाहिली. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं, आणि मधोमध फोटोत त्याची आई, गाण्यासाठी तोंड उघडलेली.